तळटीप

आलेख टेबलावर आहे.
आडव्या रेषेवर वर्षं,
उभीवर, लाखामागे किती जण.
देशाचा आहे, शुक्रवारी दिल्लीला जायचाय.
खालची तळटीप तेवढी राहिलीय,
ती तीन दिवस झाले लिहून होत नाही.

रेघ चढते, मग थबकते,
सिंहगडाच्या वाटेवर धाप लागलेलं माणूस
खडकाला हात टेकून उभं राहतं तशी.
मग उतरायला लागते.
केंजळेसाहेब म्हणाले, वा, काय सुंदर उतरलीय.

मी या कचेरीत लागले तेव्हा दमा म्हणजे चारशे त्र्याण्णव.
खडकी, मंगळवार पेठ, हडपसरचा गाडीतळ,
सुतळीनं बांधून यायचे दाखल्यांचे गठ्ठे,
आणि मी लाल पेन्सिलीनं समासात आकडा टाकायची.
एखाद्या कागदाला चुलीच्या धुराचा वास यायचा.
हे कुणाला सांगितलं नाही,
लोक म्हणाले असते, बाईला रजा द्या.

मग पुस्तक बदललं.
दमा झाला जे पंचेचाळीस.
एकतीस डिसेंबरला गेलेला जुन्या खणात,
एक जानेवारीला गेलेला नव्या.
रेघेत तिथे एक पायरी आहे,
तिच्यावरून कुणीही पडलेलं नाही.

साठीपुढचे बरेचसे शेजारी राहायला जातात,
'फुफ्फुसांचा जुनाट अडथळा' या पाटीखाली.
काहींच्या दाखल्यावर नुसतंच
'हृदय व श्वसन बंद पडून'.
ते तर सगळ्यांचंच पडतं.

मालन माझी धाकटी.
धायरीत त्यांच्या घरामागे मोकळा प्लॉट होता,
कमरेएवढं गाजरगवत, पांढरं फुललेलं.
पंप ती ज्वारीच्या डब्यात ठेवायची
कारण पंपाची सवय लागते, असं घरात ठरलेलं.
रात्री उठून बसायची,
गुडघ्यांवर कोपरं, तोंड खिडकीकडे.
सासूबाई म्हणायच्या, जरा दम धर गं.

ती गेली तेव्हा उजाडायचं होतं.
भावोजींनी डॉक्टरपुढे हात जोडले,
दोन पोरी आहेत, त्यांची लग्नं व्हायचीत,
ते नाव नका लिहू.
डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं.
मी भिंतीवरच्या घड्याळाकडे.

चार महिन्यांनी तो कागद माझ्याच टेबलावर आला.
नियम असा आहे की लिहिलंय तेच वाचायचं.
मी वाचलं.
हृदयाचा आकडा टाकला
आणि गठ्ठा पुढे सरकवला.

म्हणजे रेघ एकानं खाली आहे.
लाखात मोजल्यावर एक दिसतसुद्धा नाही.

पण सगळंच खोटं नाही, हेही लिहायला हवं.
खरोखर वाचलीत माणसं.
मालनची थोरली, वैजू, कात्रजच्या चौकात
हेल्मेट वर करून, पंप खडखड हलवून
दोन फवारे घेते, सिग्नल सुटेपर्यंत
श्वास आत धरते.
मागचा रिक्षावाला हॉर्न देतो.
ती बोटानं खूण करते, थांब.
तिच्या नवऱ्याला पंपाचा रंगसुद्धा पाठ आहे.

आज दुपारी लिहून टाकली.
'सदर घट अंशतः वर्गीकरणातील बदलामुळे
व नोंदींतील त्रुटींमुळे असू शकते.'
एक ओळ. बारीक टाइपात.

टायपिस्ट विसर्गाच्या जागी नेहमी अपूर्णविराम मारतो.
सबनीसबाई शाळेत सांगायच्या,
विसर्ग म्हणजे शब्द संपताना सोडलेला श्वास,
म्हणून दाखवा मोठ्यानं.
अख्खा वर्ग हसायचा, हः हः करत,
मालन दुसऱ्या बाकावरून सगळ्यात जोरात,
आणि मग तिला खोकला यायचा.

'अंशतः'चे दोन ठिपके
मी पेनानं, हातानं दिले.